सन्माननीय मद्यपी बंधू

"सहाशे माणसांदेखत! सहाशे माणसांदेखत तू स्वतःच्या नवऱ्याला निळं केलंस!"

मास्तरांना काहीतरी आपटायचं होतं. मोबाइल नवा होता, म्हणून त्यांनी वर्तमानपत्र आपटलं. त्याचा आवाज झाला नाही, त्यामुळे ते आणखी चिडले.

"तुम्हाला नाही केलं. तुमच्या एका शब्दाला केलं," वहिनी म्हणाल्या. जेवणाच्या टेबलाशी बसून त्या मटार सोलत होत्या आणि मान वर न करताच बोलत होत्या.

"शब्द कोणाचा होता? माझाच ना?"

"तुमचाच. म्हणून तर तुमच्याकडे परत पाठवला. शेजाऱ्यांचा असता तर त्यांच्याकडे पाठवला असता."

"गल्लीच्या ग्रुपवर जिमवाल्यानं अंगठा दिला होता. इस्त्रीवाल्यानं 'शाब्बास मास्तर' म्हटलं होतं. सगळं कसं झकास चाललं होतं, आणि त्याच्या खाली बायकोचा ठिपका!"

"चौदा अंगठे होते, बाबा," खिडकीत बसलेली लेक म्हणाली. "ठिपक्यानंतर अकरा राहिले. तिघांनी काढून घेतले."

"तू अभ्यास कर."

"सुट्टी आहे."

"मग सुट्टीतला अभ्यास कर!"

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, मोटार चालवायला शिकवणारे. बावीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता. ही सवय गाडीतून उतरल्यावरही जात नाही. घरात कोणी वाक्य सुरू केलं की मास्तर ते मध्येच थांबवत. पाहुणे आले की वहिनी त्यांना आधीच सांगून ठेवायच्या, "काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर छोट्या वाक्यात सांगा."

वहिनींना अख्खी गल्ली दातवाल्या वहिनी म्हणायची. तीस वर्षं त्या दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत होत्या. बाजारामागच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्यांची लॅब होती. लॅब म्हणजे दोन टेबलं, मेण वितळवायचा एक दिवा, प्लास्टरचं पोतं आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले माणसांचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं वहिनींच्या हातच्या दातांनी चावत होती, हसत होती आणि भांडतही होती. "या वयातसुद्धा काय मोत्यासारखे दात आहेत हो तुमचे," असं कोणी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना म्हणालं की वहिनी चपलेचा पट्टा सारखा करायला खाली वाकायच्या. ते मोती त्यांनीच घासलेले असायचे. पण तीस वर्षांत कोणाच्या तोंडातली गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या कानावर घातली नव्हती.

कवळीच्या कामात सगळ्यात नाजूक भाग शेवटचा. वरचा आणि खालचा जबडा जुळवायचा, मध्ये पातळ निळा कागद धरायचा आणि टक टक दोनदा मिटायचा. जो दात केसभर उंच असेल त्याच्यावर निळा ठिपका उमटतो. घासायचं ते तेवढ्याच जागी. मग पुन्हा कागद, पुन्हा टक टक. एका उंच दातापायी कोणी अख्खी कवळी फेकून देत नाही. आणि घाईनं जास्त घासलं तर तिथे फट पडते, मग त्या फटीत आयुष्यभर शेंगदाणा अडकतो. नव्या आलेल्या मुलींना वहिनी पहिल्या दिवशी एवढंच सांगायच्या, "लागतं कुठे ते बघा. बाकीच्या दातांना हात लावू नका."

गल्लीच्या ग्रुपची ॲडमिनगिरी त्यांच्याकडे आली ती त्यांनी मागितली म्हणून नव्हे. सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालावं की नाही यावरून ग्रुपवर रण माजलं. दोन घरांचं येणंजाणं बंद झालं, एका आज्जींनी दुसऱ्या आज्जींना "अशिक्षित" म्हटलं आणि दुसऱ्या आज्जींनी उत्तरादाखल आपल्या पदवीचा फोटो टाकला. तेव्हाचे ॲडमिन औषधांच्या दुकानाचे मालक होते. त्यांनी स्वतःच्याच दुकानातली रक्तदाबाची गोळी घेतली, वहिनींना न विचारता ॲडमिन केलं आणि ग्रुपमधून पळ काढला. वहिनींनाच का, तर त्या दिवशी ग्रुपवर कोणाला टोचून न बोललेल्या त्या एकट्या होत्या. बोलल्या नव्हत्या, कारण त्यांचे दोन्ही हात लॅबमधल्या ओल्या प्लास्टरमध्ये होते.

वहिनींनी कोणाला बाहेर काढलं नाही. कोणाचा मेसेज पुसला नाही. जो मेसेज टोचत होता त्याच्या खाली त्यांनी फक्त एक निळा ठिपका टाकला आणि शेजारी टोचणारा तेवढा शब्द लिहिला. उपदेश नाही, हात जोडल्याचं चित्र नाही, काही नाही. पहिले दोन महिने कोणाला काही उमगेना. इस्त्रीवाल्याला तर ते बक्षीस वाटलं. पाच ठिपके जमल्यावर त्यानं दुकानात येईल त्याला दाखवले. खरा प्रकार कळल्यावर पंधरा दिवस वहिनींच्या घरचे कपडे एका बाजूनेच इस्त्री होऊन येत होते. पण हळूहळू लोकांना रीत समजली. ठिपका आला की तेवढा शब्द बदलायचा आणि मेसेज पुन्हा लिहायचा. मत बदलायची सक्ती नव्हती. कुत्र्यांच्या बाजूचे बाजूचेच राहिले, विरोधातले विरोधातच. पण दोन्ही घरं एकाच दुकानात, एकाच रांगेत दूध घ्यायला लागली.

आताचा प्रश्न कुत्र्यांपेक्षा अवघड होता.

वहिनींच्या घरासमोरचं दुमजली घर हेडबाईंचं. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जिने चढवेनात म्हणून त्या कोपऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तेव्हापासून घर रिकामं होतं. नुकतीच दारू सोडलेल्या दहा माणसांना काही महिने एकत्र राहायला ते घर मिळावं, असं एका संस्थेनं त्यांना विचारलं. हेडबाईंनी तो प्रश्न सरळ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रविवारपर्यंत लिहा. मी सगळं वाचेन आणि मग ठरवेन. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत."

तीन दिवसांत चारशे मेसेज आले. वहिनी जेवताना, चालताना, मेण वितळेपर्यंतच्या वेळात ते वाचत होत्या. आणि गुरुवारी दुपारी दोन वाजता, दोन शिकाऊंच्या मधल्या दहा मिनिटांत, मास्तरांनी लिहिलं: "दारुडा कधीच सुधारत नाही. घरच्या अनुभवावरून सांगतो."

घरचा अनुभव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो याच घरात, आतल्या खोलीत राहत होता. दारू सोडून त्याला सात वर्षं झाली होती. सकाळी आणि संध्याकाळी बेकरीत काम करायचा, दुपारी झोपायचा. या सात वर्षांत दोघा भावांमध्ये सगळ्या विषयांवर बोलणं झालं होतं, गाडीच्या टायरपासून लेकीच्या मार्कांपर्यंत. दारूवर मात्र अवाक्षर नाही. जणू तो विषय घरातून निघून जाताना दार ओढून गेला होता.

आणि आता ते वाक्य सहाशे माणसांसमोर पडलं होतं.

"ठीक आहे," मास्तर खुर्ची ओढून बसले. "दारुडा हा शब्द जरा कडक झाला. मान्य. मी सभ्य माणूस आहे, सुधारून लिहितो." एका बोटानं, ओठ हलवत त्यांनी टाइप केलं, चष्मा सरसावून एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. "हे घे. 'सन्माननीय मद्यपी बंधू कधीच सुधारत नाहीत.' आता काढ ठिपका. आदरार्थी बहुवचन वापरलंय!"

लेक हसता हसता खिडकीतून पडायचीच राहिली.

वहिनींनी हात पदराला पुसले, मोबाइल उचलला, पुन्हा खाली ठेवला. मास्तरांचा मोबाइल वाजला. त्यांनी बघितलं. निळा ठिपका, आणि शेजारी एकच शब्द: कधीच.

"अगं, पण दारुडा काढला की मी!"

"दारुड्यावर मी ठिपका दिलाच नव्हता. नीट बघा. मघाशीही याच शब्दावर होता."

"'कधीच'मध्ये काय वाईट आहे? शिवी आहे का ती?"

"शिवीचं एवढं नसतं हो. शिवी माणूस अंगावरून झटकून टाकतो. हे झटकता येत नाही."

"पण लागलं कोणाला ते? दहा माणसं अजून यायची आहेत. त्यांतलं एक तरी ग्रुपवर आहे का?"

वहिनी पुढची शेंग फोडत राहिल्या. मुलीनंच सांगितलं, "बाबा, काका आहे ना ग्रुपवर."

टेबलाखाली मास्तरांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला.

"तो कुठे काय लिहितो?"

"लिहीत नाही. वाचतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची काठी रिक्षात राहिल्याचं त्यांच्या सुनेनं ग्रुपवर टाकलं होतं, तेव्हा ती शोधून कोणी आणली? काकानं. त्याला काय स्वप्न पडलं होतं?"

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वासहा. भाऊ सातला बेकरीतून सुटायचा.

"पूस," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "तू ॲडमिन आहेस. पूस ते दोन्ही."

"पुसते. पण जिमवाल्यानं तुमचं वाक्य मोठ्या अक्षरांत पुन्हा टाकलंय, खाली तुमचं कौतुक करून. तेही पुसू का? आणि पुसलं म्हणजे तुम्ही म्हणालाच नव्हता असं होईल का?"

"त्यानं वाचलं तर बॅग भरेल गं तो. तुला माहीत नाही त्याचा स्वभाव. तोंडानं काही बोलणार नाही, सरळ बॅग भरेल."

"म्हणून तर जेवण सोडून वीस मिनिटांत ठिपका टाकला."

वहिनींनी मटाराची वाटी बाजूला सारली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. लॅबमध्ये एखादी कवळी तीनदा घासूनही बसत नसली की त्या अशाच बघायच्या.

"अहो, मला एक सांगा. त्या घराला विरोध करायचाय, करा. तुमचा हक्क आहे. पण तुम्हाला नक्की लागतंय कुठे?"

"कुठे म्हणजे काय? दहा दारू... दहा माणसं समोर येऊन राहणार."

"हं."

"त्यातला एखादा तरी घसरणार. घसरतातच. समोरच्या ओट्यावर बसून बडबडणार. आणि हा आमचा खिडकीतून ते बघणार." मास्तर थांबले. या वेळी त्यांनी स्वतःचंच वाक्य मध्ये थांबवलं होतं. मग पुन्हा सुरू केलं. "सात वर्षं झाली, अजून तो दहा मिनिटं उशिरा आला तर मी जिन्यात जाऊन उभा राहतो. तू हसशील, पण तो आला की मी काहीतरी विचारायच्या निमित्तानं त्याच्याजवळ जातो. वास घ्यायला. सात वर्षं! त्याला कळत असेल का गं?"

"त्यांना कळतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून ते आल्या आल्या स्वतःच तुमच्याजवळ येऊन किती वाजले विचारतात. मनगटावर घड्याळ असून."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"हे लिहा ना," वहिनी म्हणाल्या.

"हे? ग्रुपवर? सहाशे माणसं आहेत तिथे!"

"मघाचं लिहिलंत तेव्हाही सहाशेच होती."

पावणेसात वाजता मास्तरांनी लिहिलं. या वेळी ओठ हलले नाहीत. "दुपारी मी लिहिलं ते चूक होतं. माझा भाऊ सात वर्षं दारूशिवाय आहे. समोर कोणी घसरलं तर त्याला त्रास होईल अशी मला भीती वाटते. म्हणून माझा त्या घराला विरोध आहे. विरोध अजूनही आहे." शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं आणि बायकोकडे बघितलं.

"ठिपका?"

"कशाला? व्यवस्थित बसलंय."

भाऊ सातला आला. हातात पावाची पिशवी, भुवयांवर पीठ. त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले आणि सवयीप्रमाणे मास्तरांजवळ येऊन उभा राहिला.

"किती वाजले, दादा?"

मास्तरांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. लेकीनं पुस्तकात डोकं खुपसलं. पुस्तक उलटं होतं.

"बरं, ते राहू दे," भाऊ म्हणाला. "सन्माननीय मद्यपी बंधू हे मला फार आवडलं. दारावर पाटी लावू या का? खाली छोट्या अक्षरांत: कधीच सुधारत नाहीत, कृपया घंटा वाजवा."

"तू वाचलंस?"

"दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी. जरा झोप लागत होती, ती गेली. संध्याकाळी पावाचे तीन ट्रे करपवले. मालकानं विचारलं, काय झालं रे? म्हटलं, आमच्या घरात लेखक निघालाय."

"रागावलास?"

"रागावलो की. बॅग काढली होती."

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं, बघ, मी म्हणालो नव्हतो का!

"मग तिची चेन अडकली," भाऊ म्हणाला. "ओढतोय तोवर वहिनींचा ठिपका दिसला. म्हटलं, निदान घरात एकाला तरी हा शब्द लागला. मग चेन तशीच ठेवली आणि बेकरीत गेलो." तो खुर्चीवर बसला. "आत्ता जिन्यात तुझं शेवटचं वाचलं. दादा, तू माझा वास घेतोस हे मला माहीत आहे. चालतं मला. पण कधीतरी तोंडानं विचारत जा ना. वास घेणारी माणसं विमानतळावर असतात."

"तिथे कुत्री असतात, काका," लेक पुस्तकाआडून म्हणाली.

मास्तर आधी हसले, मग त्यांचे डोळे भरले, मग मटार सोलायला ते स्वतः बसले आणि अर्ध्या शेंगा सालींत टाकल्या.

मास्तरांच्या त्या मेसेजनंतर ग्रुपचा सूरच बदलला. अंगठे कमी आले, उत्तरं जास्त. जिमवाल्यानं आपली मोठी अक्षरं स्वतःहून काढली आणि लिहिलं, "मास्तर, मला ठाऊक नव्हतं. माझा विरोध आहे, पण खरं कारण सांगतो. माझ्याकडे पहाटे मुली व्यायामाला येतात. त्या घरात कायम राहणारा, लक्ष ठेवणारा माणूस कोण असणार? हे कोणीच सांगत नाही." इस्त्रीवाल्यानं लिहिलं की त्याच्या सासऱ्यांना असं घर मिळालं असतं तर ते आज असते. एवढंच. त्याच्या लिहिण्यात एवढी कमी उद्गारचिन्हं वहिनींनी सहा वर्षांत पाहिली नव्हती. एका बाईनं विचारलं, "दहा माणसं घेता, तर पाच घेऊन सुरुवात का करत नाही?" दुसऱ्या एकानं, "आम्ही हो म्हटलं आणि सहा महिन्यांनी नको वाटलं तर?" शुक्रवार आणि शनिवार मिळून अडीचशे मेसेज आले. वहिनींना ठिपके लागले तीन. त्यातला एक स्वतः हेडबाईंना, "अडाणी" या शब्दासाठी. हेडबाईंनी तो शब्द बदलला आणि खाली लिहिलं, "चूक मान्य. अर्धा गुण कापा."

शनिवारी दुपारी हेडबाईंनी सगळ्यांना मिळून उत्तर दिलं. सुरुवात पाच जणांनीच करायची, सहा महिन्यांनी गल्लीला पुन्हा विचारायचं, हे संस्थेला मान्य होतं. अडलं होतं जिमवाल्याच्या प्रश्नावर. घरात राहायला निदान पाच वर्षं दारूपासून लांब असलेला माणूस हवा, आणि असा माणूस संस्थेला मिळत नव्हता. "तो मिळाला तर घर देईन. नाही मिळाला तर देणार नाही. जिमवाल्यांचा प्रश्न सगळ्यांत चांगला होता," त्यांनी लिहिलं. जिमवाल्यानं त्या मेसेजचा फोटो काढून आपल्या आईला पाठवला, कारण शाळेत असताना हेडबाईंनी त्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

"झालं," मास्तर सुस्कारा सोडून म्हणाले. "असा माणूस कुठून मिळायचा? विषय संपला. आणि कोणाचं मन न दुखवता संपला, हे बरं झालं." ते खूश होते. ग्रुपवरच्या त्यांच्या मेसेजला आता एकेचाळीस जणांनी उत्तर दिलं होतं आणि ते प्रत्येकाचे आभार वेगवेगळे मानत होते.

वहिनींनी भाजीची पिशवी ओट्यावर रिकामी केली. लॅबमधून परत येताना त्यांना समोरच्या घराच्या वरच्या खिडक्या उघड्या दिसल्या होत्या. एका खिडकीत हेडबाई छत्रीच्या टोकानं छतावरचा ओल आलेला भाग दाखवत होत्या आणि शेजारी उभा असलेला माणूस मान वर करून बघत होता. त्याच्या भुवयांवर पीठ होतं. वहिनींनी वर बघितलं, त्यानं खाली बघितलं. त्यानं हात हलवला नाही, वहिनींनीही नाही. भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन त्या जिना चढल्या.

रविवारी सकाळी घरात भांडण जुंपलं होतं ते मुरंब्याच्या बरणीवरून. तळाशी चमचाभर मुरंबा उरला होता आणि तो कोणी संपवायचा यावर मास्तर आणि लेक यांचं एकमत होत नव्हतं.

"मी वडील आहे."

"मी वाढत्या वयाची आहे."

"वीस वर्षांची घोडी झालीस, अजून कुठे वाढतेस?"

"बाबा, निळा ठिपका. घोडी."

"घरात ठिपके चालणार नाहीत! घरात मला जसं बोलायचं तसं मी..."

"दादा," भाऊ म्हणाला.

"थांब रे, आधी हिला..."

"दादा, छोटंच वाक्य आहे."

मास्तर थांबले. लेकीनं तेवढ्यात बरणी ओढून घेतली, पण चमचा आत घातला नाही. वहिनी चहाची किटली घेऊन उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या.

"उद्यापासून मी समोरच्या घरात राहायला जातोय," भाऊ म्हणाला. "हेडबाईंना सांगून आलोय. बेकरी चालूच राहील."